काळ्या कोटातले पंच

"समाजाची सेवा करायला माणसाकडे दोनच गोष्टी लागतात. स्वच्छ मन आणि मोकळा वेळ!" शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून अबू-हाबिस यांनी जाहीर केलं.

"वेळ मोकळा आहे ना? मग त्या भेंड्या पुसून द्या," उम्म-हाबिस म्हणाल्या.

जमीन-नोंदणीच्या कचेरीतून निवृत्त होऊन अबू-हाबिसना चार महिने झाले होते. तेवढ्या काळात त्यांनी घरातले सगळे मसाले खरेदीच्या तारखेप्रमाणे लावले होते, आणि जिरं हाताला लागत नाही म्हणून उम्म-हाबिस दोनदा माहेरी जाऊन आल्या होत्या. ऐन-सफसाफ गावच्या फुटबॉल मंडळाला स्वयंसेवक हवा आहे असं कानावर येताच त्यांनी नवऱ्याचं नाव परस्पर देऊन टाकलं. अबू-हाबिसना याचा पत्ता नव्हता. त्यांना वाटत होतं, हाक आतून आली.

मंडळाचा प्रशिक्षक ताहसीन हा गावचा न्हावी. एका गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा टेकवून त्याने अबू-हाबिसना काम समजावून दिलं.

"काका, काम एकच. दीडच्या बसने इर्बिदहून पंच येतील. नवीन आहेत, इथे कुणी त्यांना पाहिलेलं नाही. काळे कपडे, हातात बॅग. फाट्यावरून त्यांना मैदानावर आणायचं."

"बस, एवढंच?"

"एवढंच कसं? दोन वेळा माणूस गेला आणि हात हलवत परत आला. पंच नाही म्हणून सामना नाही. आज तिसरी वेळ. आजही सामना झाला नाही, तर जिल्ह्याच्या यादीतून आपलं नाव कायमचं उडालं. सात वर्षं पोरं हरतायत, काका, पण दर शुक्रवारी येतायत. त्यांना मी काय सांगू? बसा, दाढी करून देतो म्हणून?"

गिऱ्हाइकाने मान हलवायचं टाळून फक्त डोळ्यांनी दुजोरा दिला.

दीडची बस दोनला आली. पुढच्या दारातून काळा कोट घातलेले एक गृहस्थ बॅग सांभाळत उतरले आणि इकडेतिकडे पाहू लागले. अबू-हाबिस दोन्ही हात पसरून धावले.

"या, या, उस्ताज! सकाळपासून तुमच्याच वाटेकडे डोळे लावून बसलोय."

पाहुण्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "माफ करा, उशीर झाला. ऐकून फार वाईट वाटलं."

अबू-हाबिसना भरून आलं. मंडळाची कीर्ती इर्बिदपर्यंत पोचली होती तर! "काय करणार," ते म्हणाले, "नशीब."

"अचानक झालं का?"

"छे हो. किती वर्षं हळूहळू चाललं होतं. सगळ्यांना दिसत होतं."

"अल्लाह तुम्हाला सबुरी देवो," पाहुणे म्हणाले.

पाहुण्यांचं नाव वद्दाह. ते इर्बिदच्या पाणीपुरवठा कचेरीत कारकून होते. दुसऱ्या शाखेतल्या, कधी न पाहिलेल्या एका सहकाऱ्याचे वडील वारले होते, आणि सांत्वनाला कचेरीच्या वतीने कुणी जायचं यावर सगळ्यांनी एकमताने वद्दाहकडे बोट दाखवलं होतं. त्याच बसच्या मागच्या दारातून काळ्या कपड्यातले आणखी एक गृहस्थ उतरले. त्यांना एका पिकअपवाल्याने तितक्याच आदराने बसवून फाट्याच्या पलीकडे नेलं. इकडे हस्तांदोलन चालू असल्यामुळे ते कुणी पाहिलं नाही.

पाहुण्याच्या पोटात घास जाण्याआधी त्याला "आपण कोण?" विचारणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं. आणि दुःखाच्या घरी जाऊन "गेलं कोण?" विचारणं त्याहून वाईट. दोघेही घरंदाज असल्यामुळे चूक दुरुस्त व्हायला कुठे जागाच उरली नाही.

मैदानावर मांडव होता. त्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा आणि खुर्च्यांवर गावातली वडीलधारी मंडळी. सात वर्षं पराभव पाहिलेले ते चेहरे वद्दाहना ओळखीचे वाटले; असे चेहरे त्यांनी प्रत्येक मयताला पाहिले होते. खजूर आले. बिनसाखरेची कडू कॉफी आली, मयताच्या घरी देतात तशी. वद्दाहनी मनातल्या मनात गेलेल्यासाठी फातिहा म्हटली.

तेवढ्यात ताहसीनने त्यांच्या हातात शिट्टी ठेवली. "उस्ताज, आता सगळं तुमच्या हातात."

वद्दाहनी शिट्टीकडे पाहिलं, मग गोलाकार उभ्या असलेल्या बावीस पोरांकडे. जाणाऱ्याला फुटबॉलचा नाद असेल. त्याची शेवटची इच्छा असेल. शोकातल्या माणसांनी सांगितलेलं काम नाकारायचं नसतं. त्यांनी विजारीची टोकं मोज्यांत खोचली आणि शिट्टी वाजवली.

असा पंच त्या मैदानाने पाहिला नव्हता. कुणी पडलं की ते धावत जात, त्याला उठवत, गुडघ्यावरची माती रुमालाने झटकत. पाहुण्या संघाच्या एका धटिंगणाने ऐन-सफसाफच्या गोलरक्षकाला ढकललं. एरवी इथून पुढे सामना संपून मारामारी सुरू होत असे. वद्दाहनी त्या धटिंगणाच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळा, आजच्या दिवशी तरी?"

धटिंगणाला आजचा दिवस कोणता ते कळलं नाही, पण त्या आवाजाने त्याची मान खाली गेली. "चुकलं, काका," तो म्हणाला.

शिव्या बंद झाल्यामुळे ऐन-सफसाफच्या पोरांना खेळायला बराच वेळ मिळाला. ती तीन-एकने जिंकली. सात वर्षांतला पहिला विजय. ताहसीन मैदानाच्या कडेला बसून ढसाढसा रडला.

वद्दाहनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "रडून घ्या. मोकळं वाटेल."

अबू-हाबिसनी छाती पुढे काढून सामन्याचा कागद सहीला आणला. वद्दाहनी पेन उघडलं आणि "निकाल" लिहिलेल्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: "जाणाऱ्याला जन्नत मिळो, मागे राहिलेल्यांना धीर मिळो. आपल्या दुःखात सहभागी, पाणीपुरवठा कचेरीचे सर्व कर्मचारी."

ताहसीनने ते दोनदा वाचलं. "काका, हे कोण आहेत?"

"पंच!"

"पंच पाणीपुरवठ्यातून येतात?"

वद्दाह कानकोंडे झाले. "मी मघापासून विचारणार होतो... म्हणजे, वारलंय कोण?"

"अजून कुणी नाही," अबू-हाबिसकडे रोखून पाहत ताहसीन म्हणाला. "पण वेळ आहे."

वद्दाहनी खिशातून चिठ्ठी काढली. त्या सहकाऱ्याचा पत्ता होता: खिर्बत-अल-लोझ, शाहिरचं घर. फाट्याच्या पलीकडचं गाव. म्हणजे खरे पंच तिकडे गेले असणार, हे अबू-हाबिसच्या लक्षात आलं. उरलेलं आयुष्य त्यांना डोळ्यांसमोर दिसलं: ते, उम्म-हाबिस आणि मसाल्यांचे डबे.

"मी जातो," ते क्षीण आवाजात म्हणाले. "पंचांना घेऊन येतो."

"तुम्ही? एकटे? अजिबात नाही!" ताहसीन ओरडला.

म्हणून सगळेच निघाले. पाहुण्या संघाच्या बसमध्ये दोन्ही संघ, ताहसीन, अबू-हाबिस आणि ओशाळलेले वद्दाह.

खिर्बत-अल-लोझच्या मांडवात गालिच्यांवर मांडलेल्या शंभर खुर्च्या होत्या आणि चार माणसं. शाहिर, त्याचे दोन मामा आणि पहिल्या रांगेत डोळे लाल झालेले खरे पंच. शाहिरचे वडील दोन वर्षांपूर्वीच बदाम लावायला या गावात आले होते. ओळखी व्हायच्या आधीच गेले.

पोरं दारात थबकली. मग रांग लागली. चिखलाने माखलेला एकेक जण शाहिरचा हात हातात घेऊन म्हणत होता, "अल्लाह सबुरी देवो." वद्दाहनी तेच कचेरीच्या वतीने म्हटलं. दहाव्या-बाराव्या हाताला शाहिरची हनुवटी थरथरू लागली. धटिंगणाने तर त्याला मिठीच मारली.

पुढच्या रांगा भरल्या. अबू-हाबिस पंचांच्या शेजारी टेकले आणि कुजबुजले, "साहेब, तुम्ही त्यांना विचारलं का नाहीत?"

"काय विचारू?" पंच तितक्याच हळू म्हणाले. "त्यांनी आदराने आणलं, मन्सफचं, मटण-भाताचं ताट पुढे ठेवलं. त्या ताटावर बसून विचारू, की फुटबॉल कुठाय? दोनदा उठलो, दोनदा मामांनी गळ्यात पडून खाली बसवलं. आणि खरं सांगू, तो पोरगा वडिलांबद्दल इतकं बोलत होता की मलाच उठवेना."

ताहसीनने कागद पुढे सरकवला. "तीन-एक, साहेब. देवाशपथ."

"मी न पाहिलेल्या सामन्यावर सही करणार नाही."

ताहसीनचा चेहरा पडला. पंचांनी मांडवभर नजर फिरवली. खुर्च्यांच्या कडेवर अंग चोरून बसलेली बावीस पोरं, आणि त्यांना स्वतःच्या हाताने कॉफी देत फिरणारा शाहिर. मग त्यांनी पेन मागून घेतलं.

"सामना न होण्याला नियमात एकाच कारणाची माफी आहे," ते म्हणाले, आणि वद्दाहच्या मजकुराखाली लिहिलं: "शोकामुळे सामना पुढे ढकलला. दोन्ही संघ सांत्वनास हजर होते. मी स्वतः पाहिलं." खाली झोकदार सही केली.

"म्हणजे यादीत नाव राहिलं?" अबू-हाबिसनी विचारलं.

"राहिलं."

"आणि जिंकलो ते?" ताहसीन म्हणाला.

"कधी?" पंचांनी विचारलं.

ताहसीनने कागदाची घडी घातली. शेजारचा गोलरक्षक त्याच्या कानाशी लागला, "पुढच्या शुक्रवारी परत जिंकू, उस्ताज." यावर कुणाचा विश्वास बसला नाही, पण जागा तशी नव्हती म्हणून कुणी हसलंही नाही.

शेवटची कॉफी झाल्यावर शाहिर मांडवाच्या मधोमध उभा राहिला. आवाज घोगरा झाला होता. "काका," तो अबू-हाबिसना म्हणाला, "काल दिवसभर या खुर्च्या रिकाम्या होत्या. माझ्या बापाला निरोप द्यायला या मुलखात कुणी नाही असं वाटलं होतं. तुमचे उपकार कसे फेडू? तरी एक विनंती करायची होती. मघापासून सांगू की नको, चाललंय."

अबू-हाबिसनी छातीवर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बोल, बेटा. जीव माग, देतो."

"तसं नाही," शाहिर खाली बघत म्हणाला, "गालिचे भाड्याचे आहेत. पोरांना तेवढे खिळ्यांचे बूट बाहेर काढून ठेवायला सांगाल?"