जहाजावरचा थोमा

शांतवनकाका आमच्याकडे आले की लगेच आत येत नाहीत. बेल वाजवतात, "सलाम बाई" म्हणतात आणि उंबऱ्यावरच उभे राहतात. मग डावीकडून उजवीकडे सावकाश मान फिरवतात. आधी भिंती, मग छत, मग फरशी. आपण दार धरून ताटकळत उभं राहायचं. पहिल्या वेळी मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली की काय.

"काका, या ना आत."

"थांबा. आधी बघायचं, मग हात लावायचा."

बघून झालं की अहवाल. "घड्याळ पाच मिनिटं मागं हाय. पडद्याची एक कडी तुटलीय. आन् फ्रिजच्या मागं चमचा पडलाय."

चमचा खरंच होता. नाताळात माझी नणंद राहून गेली आणि सहा चमच्यांचे पाच झाले, तेव्हापासून मी तिच्याशी तुटकच बोलत होते. आता कोणत्या तोंडाने फोन करणार? नाहीच केला.

काका आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मूळचे राहात्याकडचे. सावेडीत तीस वर्षं काढली तरी बोलणं गावाकडचंच राहिलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. मार्थाकाकूंना जाऊन चार वर्षं झाली. मी शाळेत शिकवते म्हणून मी "बाई". माझ्या नवऱ्याला मात्र ते अजून "पाव्हनं" म्हणतात.

काकांचे खिसे हा एक वेगळाच संसार आहे. रस्त्यात दिसेल ते उचलायचं आणि "लागंल" म्हणून खिशात टाकायचं. सेफ्टी पिन, नळाचा वॉशर, चष्म्याची एक काडी, मेणबत्तीचं थोटूक. मी मनातल्या मनात हसायचे. मग एकदा माझ्या दाराच्या कुलपात किल्ली फिरेना. काकांनी खिसा उपसला. आधी दोरा लावून बघितला, मग खडू, मग चक्क लिंबाची फोड. लिंबाची फोड खिशात कशाला, हे मी विचारलं नाही. शेवटी मेणबत्ती किल्लीवर घासली आणि कुलूप लोण्यासारखं उघडलं.

"समदं समद्याला लावून बघायचं, बाई. कायतरी उघडतंच."

तिसरा नियम माणसांसाठी. कोणालाही कोणतीही गोष्ट ते दोनदा विचारतात. "पयल्यांदा मानूस जे समद्यांना सांगतो ते सांगतो. दुसऱ्यांदा खरं सांगतो." त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये "बरं आहे ना?" या प्रश्नाची लोकांना धास्ती बसली आहे.

हे सगळं आलं कुठून, हे मला बरेच दिवस कळेना. मग एका दुपारी काका वर आले, अहवालसुद्धा दिला नाही, आणि म्हणाले, "बाई, थोडं इंग्रजी हाय. सांगाल का?"

खाली गेले तर पडदे ओढलेले, आणि टेबलावर एक जुनापुराणा कॉम्प्युटर निळा उजेड टाकत बसलेला. कॉलेजने जुनी यंत्रं मोडीत काढली तेव्हा हे एक काकांच्या वाट्याला आलं. कोणा विद्यार्थ्याने त्यात एक गेम घालून ठेवला होता. गेम म्हणजे धावणं नाही, गोळीबार नाही. अवकाशात एक भलंमोठं जहाज भरकटलंय. आत दिवे मिणमिणताहेत आणि माणसं नाहीशी झाली आहेत. आपण एका खोलीत उभे. माऊसचा बाण फिरवून खोली न्याहाळायची, दिसेल ती वस्तू उचलायची, दुसऱ्या वस्तूला लावून बघायची, कोणी भेटलंच तर त्याला विचारायचं. एक कोडं सुटलं की एक दार उघडतं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काका गेम खेळत नव्हते, काका चोवीस तास त्या गेममध्येच राहत होते!

तेव्हापासून शाळेतून आले की मी खाली जायची. नाव भाषांतराचं, खरं म्हणजे मलाच चटक लागली होती. बाहेर सावेडीची दुपार, रिक्षा, भाजीवाल्याची आरोळी. आत आलं की सगळं दूर दूर जायचं. जहाजाची घरघर आणि आमच्या सोसायटीच्या पंपाची घरघर एकच व्हायची. पडदा वाऱ्याने फुगायचा, भिंतीवर निळं पाणी हलल्यासारखं वाटायचं, आणि डोळे अर्धवट मिटले की आमची तीन मजली बिल्डिंगच जमिनीवरून अलगद सुटून निघाल्यासारखी वाटायची. वरच्या मजल्यावर माझी धुणी वाळताहेत आणि खाली तारे. खूप बरं वाटायचं तिथे. शाळेत दिवसभर ओरडून आल्यावर तर फारच.

भीतीही होतीच. त्या जहाजाच्या नळांमधून काहीतरी फिरायचं. दिसायचं नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. मुळ्यांसारखं काहीतरी भिंतींतून वाढत होतं. एका बोळात खलाशांचे बूट ओळीने मांडून ठेवलेले, आणि माणसं गायब. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. काका म्हणाले, "बूट भाईर काढून गेलेत. वळन हाय मानसांना."

"काका, ते नळातलं त्यांना खाऊन बसलंय!"

"आसंल. ते बी किती दिवसांचं उपाशी, कोनाला ठावं."

त्यानंतर आठ दिवस आमच्या बाथरूमची मोरी गुडगुडली की मी बाहेर पळत होते. नवरा पोट धरून हसला. हसू दे.

आणि मग भेटला थोमा. जहाजाच्या तळाशी एक कोठडी, कोठडीत काचेची पेटी, पेटीत एक आजारी खलाशी. नाव थॉमस. काकांनी पहिल्याच दिवशी त्याला आपल्या बायबलमधला थोमा करून टाकला. त्याच्यावर बाण नेऊन दाबलं की तो डोळे न उघडता पुटपुटायचा. मी भाषांतर केलं: "कोणी आहे का? जरा थांबा."

"परत सांगा," काका म्हणाले.

"कोणी आहे का? जरा थांबा."

 काका कॉम्प्युटरच्या पडद्याकडे वाकून म्हणाले, "हाय, हाय. बसलोय."

झालं! तिथेच गाडी अडली. महिने गेले, जहाज काही पुढे सरकेना. बाहेर पडायची एक छोटी नाव होती, पण तिला बॅटरी नव्हती. काका रोज सगळ्या वस्तू सगळ्याला लावून बघायचे. सूपचा डबा नावेला, बूट नळाला, पाना भिंतीला. "न्हाई उघडत," म्हणायचे, आणि थोमापाशी परत यायचे. मला तर राग यायला लागला. पुढे काय होतं हे कळायला नको का माणसाला?

एका रविवारी मात्र कहर झाला. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेच्या आधी प्रार्थनेच्या विनंत्यांच्या चिठ्ठ्या पेटीत टाकतात आणि पाळकसाहेब त्या वाचून दाखवतात. कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या मुलीचं लग्न. त्या दिवशी साहेबांनी गंभीर आवाजात वाचलं: "बंधू थोमा. जहाजावर आहेत. बरेच दिवस एका जागी पडून आहेत. जवळ नातलग कोणी नाही. विनंती करणारे, शांतवन." सगळी मंडळी उभी राहिली आणि डोळे मिटून थोमासाठी प्रार्थना करायला लागली. मी ओठ चावून उभी. पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या तर रडत होत्या.

सलग तीन रविवार हे चाललं. मग महिला मंडळाच्या बायका डिंकाचे लाडू घेऊन काकांच्या दारात. थोमाला पाठवायचे होते.

"जहाज कुठे आहे हो, काका?"

"लांब हाय."

"दुबईच्या पुढे?"

"लई पुढं."

त्या गेल्यावर मी काकांना अस्सं धारेवर धरलं. "शोभतं का हे? देवाच्या घरात गेमची चिठ्ठी? त्या बिचाऱ्यांनी चांगलं तूप घालून लाडू केलेत!"

"प्रार्थनाच केली ना, बाई? कुनाचं वाईट तर न्हाई केलं." आणि त्यांनी एक लाडू माझ्या हातावर ठेवला. लाडू उत्तम होता, त्यामुळे माझं बोलणं जरा मऊ पडलं.

पावसाळ्यानंतर कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. दुरुस्तीवाल्याने कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "काका, संपत आलाय हा. आता बंद कराल तर परत चालू होईल असं नाही. आणि आतलं बाहेर काढायचं म्हणाल तर तेही जमणार नाही." काकांनी कॉम्प्युटर चालूच ठेवला. स्वतःही घराबाहेर पडेनात. दूधसुद्धा मीच आणून द्यायची.

मी म्हटलं, आता बास. मोबाईलवर शोधलं. कोणा भल्या माणसाने त्या गेमचं उत्तर पायरीपायरीने लिहून ठेवलं होतं. मी विजयी वीरासारखी जिना उतरले.

"काका, सापडलं! बॅटरी थोमाच्या पेटीतच आहे. ती काढायची आणि नावेला लावायची. पेटी बंद पडते, थोमा जातो, पण आपण सुटतो. संपलं जहाज!"

काका माऊसवर हात ठेवून बसले होते. "आसं व्हय," म्हणाले.

त्या "आसं व्हय"मध्ये नवल म्हणून नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. "काका, तुम्हाला हे माहीत होतं?"

"न्हाई."

मी त्यांचाच नियम वापरला. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग ते म्हणाले, "दुसऱ्याच आठवड्यात कळ्ळं हुतं."

"मग?"

"मार्था दवाखान्यात हुती तवा म्हनली, बसा ना जरा. मी म्हनलो, डबा घिऊन येतो, आलोच. रिक्षानं गेल्तो, रिक्षानं आलो. अर्धा तास बी न्हाई लागला." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "तेवढ्यात ती गेली. हितं ह्यो बी तेच म्हनतो. थांबा जरा. म्हनून थांबलोय. मला काय त्या नावंत बसून कुटं जायचंय?"

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. ज्या गोष्टीवर मी एवढे दिवस चिडत होते, ती गोष्ट हा माणूस रोज दुपारी नेमाने करत होता.

त्यानंतर चारच दिवसांनी मार्थाकाकू गेल्या तो दिवस आला. दरवर्षी काका कबरस्तानात जाऊन फुलं वाहतात. यंदा फुलं मीच सकाळी आणून त्यांच्या बादलीत ठेवली होती, पण दुपार झाली तरी ती बादलीतच. मी स्वयंपाकघरात दूध मंद गॅसवर ठेवलं होतं, तेवढ्यात जिन्यातून हाक आली. काका उभे होते, स्वच्छ पांढरा शर्ट, हातात फुलं.

"बाई," ते म्हणाले, आणि थांबले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे भाषांतराशिवाय काही मागितलं नव्हतं. "बसाल जरा? त्याच्यापाशी? मी आलोच."

"जा तुम्ही. बसते मी," म्हटलं आणि तशीच खाली गेले. दुधाचं डोक्यातून पार गेलं.

रिक्षा गेली. मी खुर्चीत बसले. निळा उजेड, फुगणारा पडदा, कॉम्प्युटरची कुरकुर आता जोरात. मी थोमावर बाण नेला. "कोणी आहे का? जरा थांबा." रिकाम्या घरात मोठ्याने बोलायची लाज वाटली. पण दुसऱ्यांदा तो पुटपुटला तेव्हा मी म्हणाले, "आहे रे बाबा. मी आहे. काका फुलं वाहायला गेलेत."

तेवढ्यात वरून करपल्याचा वास आला. दूध! मी अर्धवट उठले. उभ्या उभ्या थोमाकडे बघितलं आणि परत बसले. पातेलं जळेल, दुसरं काय होईल? कॉम्प्युटर एकदा जोरात खडखडला. थोमाच्या पेटीवरचा हिरवा दिवा थरथरला, चित्राच्या रेघा झाल्या आणि पडदा काळा पडला. आतली घरघरही थांबली. माझा हात माऊसवरच होता. मी तरीही उठले नाही. असं लगेच कसं उठायचं?

काका आले तेव्हा मी तिथेच होते. ते नेहमीसारखे उंबऱ्यावर उभे राहिले. काळा पडदा दिसला.

"गेला?"

"गेला, काका."

"तवा तुमी हुता का हितं?"

"होते."

आता ते दुसऱ्यांदा विचारणार म्हणून मी वाट बघत राहिले. काकांनी मान डावीकडून उजवीकडे फिरवली. भिंती, छत, फरशी, माऊसवरचा माझा हात. मग वर तोंड करून एक मोठा श्वास घेतला.

"बाई, वर दूध करपलंय तुमचं. लई येळ झालाय."

"हो."

त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.