श्वास घेणाऱ्या बॅगा

आमच्या खालच्या मजल्यावरच्या गुंडूअण्णांकडे तुम्ही मुक्कामाला गेलात, तर झोपायला हॉलमध्ये सतरंजी मिळेल. पाहुण्यांची खोली आहे, तिला पंखा आहे, खिडकीतून आमच्या बसवनगुडी भागातली झाडंही दिसतात. पण तिथे स्लीपिंग बॅगा राहतात. तीन बॅगा आणि एक पिसांची दुलई. लाकडी दांडीवर, ऐसपैस, एकमेकींना धक्का न लावता लटकलेल्या.

"आत बदकाची पिसं आहेत," अण्णा सांगतात. "पिशवीत कोंबून ठेवली की पिसं चपटी होतात, मग ऊब कसली धरतात! स्वल्प श्वास घेऊ दे त्यांना."

हे 'स्वल्प श्वास घेऊ दे' सतत तोंडात. एकदा मी बाजाराच्या पिशवीत कोथिंबीर कोंबली, तर तिच्या वतीनेही मला बोलले.

पूर्वी दर थंडीत बायको-मुलीला घेऊन अण्णा कुद्रेमुखच्या डोंगरात तंबू ठोकायचे. मुलगी रेवती कॅनडाला गेली, तिथेच संसारात रमली आणि इकडे तंबू माळ्यावर गेला. बॅगांचा थाट मात्र तसाच. पावसाळ्यात त्यांना दमट हवा लागू नये म्हणून पंखा चालू. माझा नवरा म्हणतो, पुढचा जन्म अण्णांच्या स्लीपिंग बॅगेचा मिळावा.

"अहो अण्णा, ती जांभळी तर लहान मुलाची. आता कोण मावणार तिच्यात?" मी एकदा विचारलं.

"राहू दे," म्हणाले, आणि लगेच मला वाऱ्यापावसाच्या गोष्टी सांगायला लागले.

यंदा नवरात्रात अण्णा आजारी भावाला बघायला म्हैसूरला गेले. इकडे त्यांच्या बायकोने, सुमाक्कांनी, त्याच खोलीत दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्या. आता त्यांच्या घरची रीत अशी, की बाहुल्या बाहेर काढल्या तरी त्यांची पेटी रिकामी ठेवायची नाही. मग अक्कांनी पेटीत काय भरावं? बॅगा! झाकण लागेना, तर वर बसल्या. अक्कांचा देह भारदस्त. झाकण लागलं.

दसऱ्याला अण्णा परतले. आरडाओरडा ऐकून मी खाली धावले, तर पेटी उघडी आणि अण्णांच्या हातात जांभळी बॅग, पापडासारखी चपटी, आत पिसांचे गोळे झालेले.

"अय्यो, सुमा, काय केलंस हे!" म्हणाले आणि मटकन खालीच बसले.

मला हसू फुटणार, तेवढ्यात अक्कांनी मला बाजूला घेतलं. त्या रडवेल्या झाल्या होत्या. "रविवारी रेवती येतेय, पहिल्यांदाच लेकीला घेऊन. यांनी नातीला कबूल केलंय, तुझ्या आईच्या बॅगेत तुला डोंगरावर झोपवतो म्हणून. पोरगी रोज फोनवर विचारते, माझी बॅग कशी आहे? मला मेलीला रीत तेवढी आठवली!"

आता हसते कसली! बॅग उचलली आणि तडक वर आणली. आमच्याकडे कपडे वाळवायचं मशीन आहे. मंद गरम ठेवायचं आणि आत टेनिसचे चेंडू टाकायचे, म्हणजे गोळे फुटतात, हे अण्णांनीच सांगितलं. चेंडू धडाधड आपटायला लागले आणि हा माणूस मशीनसमोर स्टूल टाकून बसला, ऑपरेशन चालू असल्यासारखा.

"सरी होईल ना हो, ठीक होईल ना?" मला विचारत होते! मला, जिची रजई वर्षभर पलंगाखाली चिरडलेली असते!

मशीन थांबलं. दार उघडलं, तर जांभळी बॅग पुरीसारखी टम्म! अण्णांनी ती छातीशी धरली, तीही हलकेच, आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. बाई गं, माझाही जीव भांड्यात पडला. बाकीच्या बॅगा मग एकामागून एक फिरवल्या.

रविवारी नात आली. सोमवारी मी खाली गेले, तर जमिनीवर सगळ्या बॅगांचा आणि दुलईचा ढीग, आणि त्यावर ती पोरगी थयथया नाचतेय. मी दारातूनच ओरडले.

"अण्णा, अहो, पिसं!"

अण्णा भिंतीला टेकून बसले होते. तिच्यावरची नजर हटवायला तयार नव्हते.

"दाब, पुट्टी, दाब! आणखी जोरात!" ते नातीला ओरडून सांगत होते. मग मला म्हणाले, "असू दे हो. इतकी वर्षं नुसता श्वासच घेतायत बिचाऱ्या."