हवेचा स्क्रू, दीड आटा

मंगळवारी दुपारी सव्वाबारा वाजता, मेहकरच्या आमच्या गल्लीत, रशीदचाचा मिस्त्रींनी शेषरावांची स्कूटर पहिल्याच किकला सुरू केली. शेषराव त्या वेळी तहसील कचेरीत होते. संध्याकाळी त्यांना हे कळले. त्यानंतर अकरा दिवस ते रशीदचाचांशी बोलले नाहीत.

शेषराव कचेरीत नक्कलनवीस होते. मी त्यांच्या समोरच्या घरात भाड्याने राहत होतो आणि जिल्ह्याच्या बातम्या एका वर्तमानपत्राला पाठवत होतो. त्या काळी गावात स्कूटरी चारच. तीन रस्त्यावर दिसत. चौथी, म्हणजे शेषरावांची, बहुतेक वेळा अंगणात गोणपाटावर उघडी पडलेली असे.

रविवारी सकाळी सातला ते प्लग काढत. दाढीच्या जुन्या ब्रशाने त्याची काजळी झाडत आणि फटीत पोस्टकार्डाची कड घालून अंतर बघत. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला खुणांची पट्टी लावलेली औषधाची बाटली होती. एंजिन सुरू झाले की डोळे मिटून, मान तिरपी करून ते ऐकत. मग ठरलेले वाक्य येई, "बोलते अजून." आणि पुन्हा पाना हातात.

बाकीच्या तिघांना गाडी पळायला हवी होती. शेषरावांना ती गप्प हवी होती. शेजारचे मास्तर एकदा म्हणाले, "काऊन शेषराव, गाडी चालवाची हाये का झोपवाची?"

"तुमाले नाई समजनार मास्तर. एंजिन ऐकाले कान पायजे."

या गाडीला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना चालत नसे. कोणी सहज हँडल धरले, तर तो गेल्यावर शेषराव हँडल पुसत. जनावरांच्या डॉक्टरांनी नवी स्कूटर घेतली, तेव्हा शेषरावांच्या बायकोने ती दारातून जरा जास्त वेळ पाहिली. त्या रविवारी शेषरावांनी सायलेन्सर काढून चुलीत भाजला आणि ठोकून ठोकून त्यातली सगळी काजळी पाडली.

शिवाय ही गाडी दुसऱ्या कोणाकडून सुरूच होत नसे. त्यांचा मेहुणा वीस किका मारून बसला होता, मास्तर सत्तावीस. शेषराव येत, फडक्याने गाडी पुसल्यासारखे करीत, उजवीकडे आडवी करीत, थोडा वेळ धरीत, सरळ करीत. तिसऱ्या किकला गाडी सुरू. हे आकडे माझ्याकडे आहेत, कारण मोजणे ही माझ्या धंद्याची सवय.

त्यांची बायको कुसुम सरकारी दवाखान्यात नर्स होती. आसपासच्या वाड्यांवर बाळंतपणाला तीच जाई. सगळे तिला सिस्टर म्हणत, चारचौघांत शेषरावसुद्धा. कचेरी सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी बोलावणे आले तर शेषराव तिला स्कूटरवर नेत, त्या घराच्या ओट्यावर चहा पीत बसत आणि परत आणत.

घरात दोघे एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हते. शेषरावांचे वडील, आबा, सकाळपासून निजेपर्यंत ओसरीवर अडकित्ता घेऊन बसलेले असत आणि वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने बोलायचे नाही, ही त्या घरची रीत. सिस्टर तुळशीला सांगत, "आंघोळीचं पानी निंगालं म्हना." शेषराव भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारत, "डबा भरला का, कोनी सांगन का?" तीन वर्षे मी हे ऐकत होतो. कॅलेंडर बदलले, रीत बदलली नाही.

स्कूटर गल्लीतून बाहेर पडेपर्यंत सिस्टर मागे ताठ बसलेल्या असत. कापसाच्या जिनिंगच्या वळणावर त्या पुढे झुकत आणि बोलायला लागत. डोणगावच्या रस्त्यावर मी त्यांना एकदा सायकलने मागे टाकले. सिस्टर बोलत होत्या. शेषराव मान हलवत होते. मी शेजारून गेलो, ते दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आले नाही.

मला शेषरावांचा हेवा वाटे. आमच्या घरी आबा नव्हते. मी आणि बायको, दोन खोल्या, बोलायला कोणाची मनाई नव्हती. संध्याकाळी आम्ही रेडिओ ऐकत असू.

सिस्टरना स्कूटर शिकायची होती. आमच्या कुंपणावरून त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "साडेदहा ते साडेपाच बाया बाळंत होत नाहीत का वैनी? आमच्या ह्यायची कचेरी असते अन् मले बैलगाडीत जा लागते. एखादीचं काही बरंवाईट झालं तर?" शेषरावांकडे हा अर्ज वेळोवेळी जाई. उत्तर एकच होते, "गाडी तयार नाई अजून. ट्यूनिंग बाकी हाये."

त्या मंगळवारी दुपारी डोणगावच्या बाजूच्या एका वाडीवरून एक माणूस सायकल मारत आला. त्याची सून आदल्या रात्रीपासून अडली होती. पहिलटकरीण. बस निघून गेली होती. सिस्टर अंगणात आल्या, पदर खोचला आणि किक मारू लागल्या. मी एक्केचाळीस मोजल्या. ओसरीवर आबांचा अडकित्ता थांबला होता. तो माणूस गाडीकडे हात जोडून उभा होता.

सिस्टर मला म्हणाल्या, "पेपरवाले भाऊ, पाहून काय राह्यले? चाचाले बोलवा!"

रशीदचाचांचे दुकान बसस्टँडजवळ होते. वय साठीच्या पुढे. त्यांनी गाडीचे बाजूचे झाकण काढले, आत पेचकस घातला, हलकेच फिरवला आणि किक मारली. गाडी सुरू झाली.

"सिस्टर, कार्बुरेटरचा हवेचा स्क्रू दीड आटा जास्त भाईर होता," चाचा म्हणाले. "तो आपोआप नाई जात. कोनीतरी हातानं फिरवते."

सिस्टर बाळंतपणाची पिशवी आणायला आत गेल्या. फेरीहून परत आल्यावर शेषराव फडके घेऊन गाडीपाशी बसतात, झाकणामागे हात घालतात आणि उठण्याआधी इकडेतिकडे बघतात, हे मी दोनदा पाहिले होते. किक मारण्याआधीच्या पुसण्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

चाचाच सिस्टरना घेऊन गेले. अडीच वाजता मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप.

संध्याकाळी शेषरावांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, सीट पुसली, पुन्हा पुसली. "काय हाणली असंन गाडी!" ते कॅलेंडरला म्हणाले. त्यानंतरच्या अकरा दिवसांत त्यांनी एंजिन तीनदा उघडले आणि कचेरीला जाताना चाचांचे दुकान लागू नये म्हणून देवळामागून वळसा घेतला.

बाराव्या दिवशी ते दुकानात आले. मी तिथे सायकलचे पंक्चर काढायला बसलो होतो. चाचांनी चहा मागवला. शेषराव बराच वेळ टांगलेल्या ट्यूबांकडे बघत राहिले.

"चाचा, त्या दिवशी रस्त्यानं... सिस्टर काई बोलल्या का?"

"बोलत होत्या ना. पन ऐकू कोठी येते? अर्जंट काम, मी गाडी फुल हाणली."

"काईच नाई ऐकू आलं?"

"एक डाव ओरडल्या, थे ऐकलं. म्हने, चाचा, धीरे! आमचे हे असे नाई चालवत. त्यायच्या गाडीवर बोलता येते."

शेषरावांनी बशी तोंडाला लावली. चहा संपला होता. त्यांनी आणखी दोनदा लावली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शेषरावांनी झाकण काढले आणि हवेचा स्क्रू चाचांनी लावला होता तिथे आणून थांबवला. मग खिशातून लाल लाखेची कांडी काढली. कचेरीत नकलांच्या पाकिटांवर लावतात ती. काडी ओढून लाख वितळवली, एक थेंब स्क्रूवर पाडला आणि नाण्याने दाबला. सील झाले.

त्यांनी हात पुसले. आबा ओसरीवर होते.

"कुसुम," शेषराव मोठ्याने म्हणाले. "इकडे ये. किक मार."

अडकित्ता थांबला. सिस्टर दारात आल्या, आबांकडे पाहिले, मग शेषरावांकडे. अडकित्ता पुन्हा सुरू झाला. सिस्टरनी पदर खोचला. पहिल्या किकला गाडी सुरू झाली.

पुढचे आठ दिवस रोज सकाळी जिनिंगच्या मैदानात शिकवणी चालली. सिस्टर दोनदा पडल्या. शेषराव तिन्ही वेळा धावले; एकदा त्या पडतील असे त्यांना नुसते वाटले होते. त्या महिन्यात सिस्टर कचेरीच्या वेळात पाच बाळंतपणांना एकट्या गेल्या. अशा दिवशी शेषराव कचेरीतून जरा लवकर परतत आणि गल्लीच्या तोंडाशी उभे राहून कान देत.

महिनाअखेरच्या रविवारी सकाळी साडेआठला दोघे बाहेर पडले. काम काय होते ते कळले नाही. सिस्टरची पिशवी सोबत नव्हती. गाडी सिस्टर चालवत होत्या. शेषराव मागे ताठ बसले होते. मी सायकलवर त्यांच्या मागे होतो. जिनिंगच्या वळणावर शेषराव पुढे झुकले आणि बोलायला लागले. सिस्टर मान हलवत होत्या.

गाडीचा वेग सायकलपेक्षा कमी होता. एंजिनाचा आवाज येत नव्हता.