देवरावभाऊंचा फ्रेंच माफीनामा

"सदरहू वांगी किडकी आढळून आली आहेत, तरी उचित कार्यवाही व्हावी," असं भाजीवाल्याला सुनावणारा माणूस आमच्या वडशात एकच, देवरावभाऊ. उभी हयात कचेरीत बाबूगिरी केली. रिटायर झाले, पण भाषा काही रिटायर झाली नाही. त्यांची बायको वत्सलाबाई रोज विचारते, "जेवाले येता का अर्ज करू?"

असा माणूस मोबाइलवर फ्रेंच शिकायला लागला. कारण अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मुलगी राणी शिकायला फ्रान्सला गेली आणि तिथल्याच जुलियां नावाच्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. भाऊ भडकले, "इथी पाय ठेवू नको" असं फोनवर सांगून बसले. दोन वर्षं बोलणं बंद. आता वत्सलाबाईंनी दोघांना बोलावून घेतलं होतं आणि भाऊंना जावयाची माफी मागायची होती.

मी शेजारी, म्हणून परीक्षकही मीच. मोबाइल म्हणायचा, माफीला 'पार्दों' म्हणा, नाहीतर 'देझोले'. दोन्ही रोजच्या बोलण्यातले. भाऊंनी दोन्ही नामंजूर केले.

"पार्दों म्हंजे बसमध्ये पायावर पाय पडला तं. देझोले म्हंजे चहा सांडला तं. मी का चहा सांडवला?"

"मग?"

"मोठ्या गलतीले मोठाच शब्द लागते."

तो एकदाचा सापडला. 'झ वू प्रेझांत मेझेक्स्क्यूझ.' म्हणजे, मी आपणांस माझी क्षमायाचना सादर करतो. 'सादर' ऐकताच भाऊ खुर्चीतून उठले. "हे झाली भाषा!" मग काय, सलूनमध्ये, राइस मिलवर, रेल्वे फाटकावर एकच जप. माझ्या शेळीचीही त्यांनी इतक्यांदा क्षमा मागितली की ती त्यांना पाहिलं की दावं ओढायची.

एका दुपारी गाडी दारात थांबली. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून तयार. जुलियां उतरला, भाऊंनी हात जोडले आणि वाक्य सादर केलं, एकही अक्षर न चुकता. जावई लालबुंद झाला, राणीला काहीतरी म्हणाला.

"तो म्हनते, इतक्या मानानं त्याच्याशी कोनीच बोललं नाई आजपर्यंत," राणीनं सांगितलं. मी तर टाळ्याच वाजवल्या.

मग ती बापासमोर येऊन उभी राहिली. "आन् मले, बाबा?"

तिच्यासाठी भाऊंनी काहीच पाठ केलं नव्हतं. परक्या पोराची परक्या भाषेत माफी मागणं सोपं, म्हणून हा सगळा खटाटोप, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी तिच्या हातातली बॅग हिसकावली आणि खेकसले, "दोन वर्ष काऊन नाई आली?"

"तुमीच नको म्हटलं न."

"मी म्हटलं! पन तू ऐकलं काऊन? लहानपनी तं माझं एक ऐकत नोहती!"

आणि बॅग छातीशी धरून भाऊ तिथंच, भर उन्हात, ढसाढसा रडायला लागले.