शकीलाआपाचा जबडा

शकीलाआपाशी बोलायचं असेल तर आधी तिच्या तोंडातल्या टाचण्या संपायची वाट बघावी लागते. आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत ती ब्लाउज शिवते आणि मापाच्या वेळी लागणाऱ्या सगळ्या टाचण्या दातांत धरून ठेवते. "कधी देणार?" असं विचारलं की "ओंआर" म्हणते. हा सोमवार की बुधवार, ते तिचं तिलाच ठाऊक. आम्ही बायका आपापल्या सोयीचा वार ऐकून घरी जातो आणि मग भांडायला परत येतो. गळ्यात कात्री लटकलेली असते, पण दोरा तोडणार तो दातांनीच. "कात्री कापडाला, दात दोऱ्याला," असा तिचा कायदा. एकदा मी म्हटलं, "आपा, मी जरा बारीक झालेय ना?" तिनं खास उत्तर देण्यासाठी टाचण्या तळहातावर काढल्या. "मी नाय बोलत बेटा. टेप बोलती."

आपा मूळची लासूर स्टेशनची. दुकान तिचं आणि तिच्या धाकट्या बहिणीचं, नजमाचं. आपा कापायची, शिवायची. नजमा काजं-बटणं करायची. दुपारी मशीनमागं बसून दोघी एका ताटात जेवायच्या आणि रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या भांडायच्या. मग नजमा तापानं आजारी पडली आणि त्यातच गेली. आपानं आठवड्याच्या आत दुकान उघडलं. कुणी सांत्वन करायला गेलं की टाचण्या तोंडात घालायची. पुढं बोलणार काय?

त्यानंतर तिच्याकडून आमच्या घरी सारखं काहीतरी यायला लागलं. कधी दालचा, कधी खिचडा, कधी मटण. "लई झालं, संपत नाय," म्हणायची. आमच्याकडं सगळे खूश.

मग तिच्या बोलण्यात एक आवाज यायला लागला. तोंड उघडलं की कानाजवळ 'कट्'. मी विचारलं तर म्हणाली, "मशीनला तेल पायजे." मशीन बंद होती.

आणि एक दिवस दुकानात गेले तर टाचण्या उशीला टोचलेल्या आणि आपाचं तोंड रिकामं. ते बघून मी घाबरलेच. डोक्याभोवती ओढणी आवळून बांधलेली, बोलणं अर्धवट. दातात काही धरलं की कानापर्यंत कळ जाते म्हणाली. मी तिला रिक्षात बसवलं आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

तिथं गोळ्या झाल्या. दातांवर बसवायची पट्टी झाली. तिला आपा 'दाताचं अस्तर' म्हणायची. दुखणं काही हटेना. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जबड्याचे स्नायू फार आवळलेत. ते सैल करायचं इंजेक्शन देऊ, दोन्ही गालांत. सुरकुत्या घालवायला नट्या घेतात ना, तेच औषध."

"म्हंजे मी हिरॉईन होणार!" आपा म्हणाली. "नजमा असती तर हसून हसून मेली असती."

आणि डोक्यावरच्या ओढणीची गाठ उगीच आवळायला लागली.

इंजेक्शनच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला दात आवळायला सांगितले. गालावर सुपारीएवढा गोळा उठला. त्या तिथं पेन्सिलीनं खुणा करायला लागल्या. "सारख्या करा," आपा म्हणाली, "शिवण वाकडी नको जायला." खुणा करता करता बाईंनी सहज विचारलं, "सध्या जेवता काय?"

"सगळंच."

"हो ना," मीही म्हणाले, "कालच आमच्याकडं मटण पाठवलं यांनी."

"शिजवता काय, ते नाही विचारलं. खाता काय?"

आपानं माझ्याकडं बघितलं नाही. "चहात पाव भिजवते."

"जबडा दुखायला लागल्यापासून?"

"जबडा तर आत्ता धरला. जेवण आधीच सुटलं होतं." ती छताकडं बघत बोलत होती. "हाताला दोघींचं शिजवायची सवय. ताट पुढं घेतलं की दात असे बसतात, घास आत जातच नाय. मग देते शेजारी."

डॉक्टरीणबाईंनी सुई भरली. परत येताना गाल चोळायचे नाहीत असं बजावलं होतं, म्हणून रिक्षात आपा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. मी हर्सूलकडं जाणाऱ्या बसगाड्या बघत राहिले.

औषध चढायला काही दिवस लागतात. पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी मऊ भात आणि वरण घेऊन दुकानात गेले. "ठेवून जा," ती म्हणाली. "मलापण जेवायचंय," म्हणून मी दोन ताटल्या मांडल्या.

तोंड आता जरा उघडत होतं, कळ कमी होती. पण गालांत जोर नव्हता. घास चावायला फार वेळ लागे. शितं ओढणीवर सांडली, ती तिनं घाईनं झटकली. मी रस्त्याकडं बघितलं. मला भरभर जेवायची खोड. माझी ताटली केव्हाच रिकामी झाली. मी उठायला लागले तर तिनं माझं मनगट धरलं.

"बस ना," ती म्हणाली. "हळू जेव. तू उठली की माझं बी जेवण उठतं."

मला भूक नव्हती. मी परत भात वाढून घेतला.