गुरुलिंगप्पा मास्तरांची वाळू

गुरुलिंगप्पा मास्तरांच्या कोटाच्या उजव्या खिशात वाळू असे आणि डाव्या खिशात खडे. ते शेजारी येऊन बसले की माणूस आधी घड्याळ पाही. घड्याळ नसलेला गिरणीच्या भोंग्याची वाट पाही. मास्तरांना त्याची फिकीर नसे. मूठभर वाळू पसरून ती तळव्यानं सपाट करायची, ओळीनं खडे मांडायचे आणि मधला एक अलगद उचलायचा.

"सांगा बगू, काय ऱ्हायलं?"

"काही नाही."

"मग ह्यो गोल कशाचा?"

वाळूत खड्याचा वाटोळा ठसा उमटलेला असे. मास्तरांचं म्हणणं एवढंच, की शून्य तिथून आलं. जुन्या काळी माणसं वाळूत खडे मांडून हिशेब करत. खडा उचलला की जागा राही, आणि पुढं लिहायची वेळ आली तेव्हा कुणीतरी त्या जागेचंच चित्र काढलं. शून्य ऋषींच्या समाधीतून निघालेलं नाही, बाजारात बसलेल्या माणसाच्या बोटाखालून निघालंय, असं ते ठासून सांगत.

आमच्या शाळेत ते गणित शिकवत आणि मी मराठी. मास्तर मूळ सीमेलगतच्या मंद्रूप गावचे, घरात कानडी, दारात मराठी. बायको लवकर गेली. शुक्रवार पेठेत एका खोलीत एकटेच राहत. कानडीत शून्याला सोन्ने म्हणतात, म्हणून पोरं त्यांना 'सोन्नेप्पा' म्हणत. हे नाव कानावर आलं तेव्हा मास्तर खूश होऊन म्हणाले, "लई मान दिला की पोरांनी!" अशा माणसाला चिडवण्यात काय राम? पोरांनी दुसरा मास्तर धरला.

आम्हा शिक्षकांना तेवढीही अक्कल नव्हती. "काय मास्तर, आज कुठं शून्य सापडलं?" असं कुणी विचारी. मास्तर खरोखरच उत्तर द्यायला बसत, आणि अर्ध्यात विचारणारा उठून जाई. गंगव्वाच्या खानावळीत ते दोन वेळा जेवत, तिथंही तीच तऱ्हा. "मास्तर, भाकरीत खडा लागला तर नाव माजं जातंय, तुमचं न्हाय," असं बजावून ती त्यांचं ताट लांब कोपऱ्यात मांडी.

एकदा पुण्याचे एक प्रोफेसर शाळेत व्याख्यानाला आले. विषय होता, आपल्या पूर्वजांचं गणित. मास्तर आठवडाभर आधीपासून वाळू चाळत होते. "शिकल्याली मानसं हायती. ते तरी पुरतं ऐकून घेतील," असं भेटेल त्याला सांगत होते.

प्रोफेसरांनी शून्य ऋषींच्या ध्यानातून काढलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात मास्तर उठले, व्यासपीठावर चढले आणि पाहुण्यांच्या टेबलावर, हेडमास्तरांच्या बायकोनं विणलेल्या पांढऱ्या रुमालावर, त्यांनी वाळू ओतली. खडे मांडले. एक उचलला. "सांगा बगू, काय ऱ्हायलं?"

सभा खदखदून हसली. हेडमास्तरांनी खूण करताच शिपायानं रुमालाची चार टोकं धरली आणि शून्याचा उगम गुंडाळून बाहेर नेला. प्रोफेसर बोटं पुसत "गमतीदार आहे" एवढंच म्हणाले आणि पानसुपारी घेऊन स्टेशनकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी हुकूम काढला. शाळेच्या आवारात वाळू आणणाऱ्या शिक्षकास कामावरून कमी करण्यात येईल. हुकमात नाव नव्हतं. ते घालायची गरजही नव्हती. त्या दिवसापासून मास्तर मुकाट्यानं फळ्यावर गणितं सोडवत आणि घरी जात. थट्टा केली तर नुसतं "व्हय" म्हणत. आमच्या शाळेनं बाकी काही कमावलं नसेल, पण एका बोलक्या माणसाचं तोंड पक्कं बंद करून दाखवलं.

पुढच्या वर्षी वाचनालयात एक मासिक चाळत होतो. त्यात त्या प्रोफेसरांचा लेख होता. 'एकदा नदीतीरी सहज बसलो असता हलक्या हाताने एक खडा उचलला, आणि वाळूतील वाटोळा ठसा पाहून मला सुचले की, शून्याचे चिन्ह येथूनच आले असावे.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाला न विचारता मासिक काखेत मारलं आणि तडक गंगव्वाची खानावळ गाठली.

मास्तर जेवत होते. हात धुऊन त्यांनी लेख वाचला. पुन्हा वाचला. ताटातली भाकरी वाळून गेली. मी शिव्यांची वाट पाहत होतो. शिव्या देण्यात कानडीचा हात कोण धरणार?

"म्हंजे ते ऐकत व्हते की!" मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अहो, चोर आहे तो! आजच्या आज संपादकाला लिहा. सगळी सभा साक्षीला आहे. तुमचं नाव कुठं आहे यात?"

"नावाचं ऱ्हाऊ द्या हो. मला वाटलं व्हतं, त्या दिशी कुणीच ऐकलं न्हाय. ह्यांनी तर समदं ऐकलं. खडा हलक्या हातानं उचलायचा, ह्ये सुदिक ध्यानात ठिवलं बगा."

प्रोफेसरांचा राग होताच, हेडमास्तरांचाही होता. आता मास्तरांचाही आला. चोरी झाली म्हणून आनंदानं रडावं लागतं, इतकं एकटं या माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून पाडलं होतं. मास्तरांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं आणि लेख पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला घेतला. 'मला सुचले' या शब्दांपाशी ते थांबले, ती ओळ त्यांनी मला पुन्हा एकदा वाचून दाखवली, आणि खुशीत हसले.