खाकरेभाऊंचा मोकळा घसा

वाचनालयाच्या अभ्यासिकेत शांतता राखायला नेमलेला माणूसच शांतता मोडतो, अशी तक्रार पुन्हा एकदा ग्रंथपालबाईंच्या कानावर गेली आणि भाऊंना आत बोलावणं आलं.

भाऊंना आपल्या घशात काहीतरी अडकलंय असं कायम वाटे. केस म्हणावा तर केस नाही, कफ म्हणावा तर कफ नाही. खाकरलं की घटकाभर बरं वाटायचं, की पुन्हा तेच. वाचकांनी त्यांचं नाव खाकरेभाऊ ठेवलं होतं आणि ते त्यांच्या माघारी घेण्याचे कष्टही कोणी करत नसे.

“भाऊ, महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही, तर तुम्हाला तळघरात बसवावं लागेल,” बाई म्हणाल्या. “जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांपाशी.”

“तिथे फार धूळ आहे, मॅडम.”

“तेच बरं. तिथे खाकरायला निदान कारण तरी असेल.”

भाऊंचं तोंड उतरलं. तळघरात खिडकी नव्हती आणि माणूसही फिरकत नसे. कोणी पुस्तक मागितलं की उठून नेमकं तेच आणून देणं, एवढी एकच गोष्ट आपल्याला बरी जमते असं त्यांना वाटे. तेही रोज वाटत नसे. तीही गेली, तर उरलं काय?

“इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते,” बायको म्हणाली. “तेव्हा चाललं. आता मॅडम म्हणाल्या, की निघाले लगेच डॉक्टरकडे!”

डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून घशापर्यंत पाहिलं. “घशात काहीही नाही.”

“काहीच नाही?” भाऊ हिरमुसले. इतक्या वर्षांच्या त्रासानंतर निदान एखादा दाणा तरी निघायला हवा होता.

“पोटातलं आम्ल वर येतंय. रात्री लवकर जेवा, पलंगाची उशाकडची बाजू उंच करा. आणि मुख्य म्हणजे खाकरू नका. खाकरून घसा सोलवटतो, सोलवटला की खवखवतो, खवखवला की तुम्ही पुन्हा खाकरता. तसं वाटलं की घोटभर पाणी प्या.”

भाऊंनी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या. सकाळी बायको पायथ्याशी गोळा होऊन पडलेली. “घसा तुमचा आणि घसरायचं मी!” असं म्हणून ती चहा टाकायला गेली.

अभ्यासिकेत खाकरावंसं वाटलं की भाऊ पाणी पिऊ लागले. खाकरावंसं सतत वाटत होतं, म्हणून पाणीही सतत. आणि स्वच्छतागृह इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. “हल्ली टेबलावर नसतातच,” अशी नवी तक्रार गेली. बाटली उघडताना भाऊंना तळघराचा जिना दिसू लागला.

तरी त्यांनी नेटानं लावून धरलं. आणि एके दिवशी टेबलावर बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं, की घशात काहीच नाही. त्यांनी आवंढा गिळून पाहिला. मोकळा! त्यांना इतकं हलकं वाटलं, की ते उठून अभ्यासिकेत एक फेरी मारून आले.

तिथेच घात झाला. आजवर भाऊ येताहेत हे लांबून ऐकू येई. पेंगणारे डोळे उघडत, डबे बंद होत, शेवटच्या बाकावरचं जोडपं आपापल्या पुस्तकात शिरे. आता ते नुसतेच येऊन उभे राहिले. झोपलेले एक पेन्शनर आजोबा दचकून खुर्चीसकट आडवे झाले.

“भूत आहात का हो तुम्ही?”

“माफ करा, मी आपला सहज...”

“काका, असं पाळतीवर राहणं शोभतं का तुम्हाला?” शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली. तिच्या शेजारचा तरुण पुस्तक उलटं धरून वाचत होता.

संध्याकाळी भाऊ पुन्हा बाईंसमोर उभे.

“लोक म्हणतात, तुम्ही हेरगिरी करता.”

“मी फक्त चालतो, मॅडम.”

“पण आवाज न करता चालता! मी काय म्हणते, थोडं खाकरत जा.”

“डॉक्टरांनी सक्त मनाई...”

“तळघर रिकामंच आहे, भाऊ.”

भाऊ घरी येऊन सराव करू लागले. बायको लाटणं घेऊनच बाहेर आली. “पुन्हा सुरू?”

“हे खरं नाही गं. नोकरीचा भाग आहे.”

“मग तो तिथेच ठेवून येत जा!”

सुरुवातीला ते खाकरणं अगदीच केविलवाणं होतं, पण हळूहळू वजन आलं. वाचक निर्धास्त झाले. आजोबा तर म्हणाले, “आता कशी शांत झोप लागते.” तळघराचं नाव पुन्हा निघालं नाही.

एका संध्याकाळी सगळे वाचक गेल्यावर भाऊ दिवे मालवत होते. बाई दारात थांबल्या.

“अहो भाऊ, आत चिटपाखरू नाही. आता कोणासाठी खाकरताय?”

भाऊंचा हात गळ्याकडे गेला. त्यांनी आवंढा गिळून पाहिला.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “हे तुमचं नव्हतं. हे माझं होतं.”